फ्लेक्सवर बेगमचाची

शिरूरच्या स्टँडसमोरच्या चौकात, रसवंतीच्या छपरावर, आमची बेगमचाची मेलेली होती.

फ्लेक्स चांगला खोलीच्या भिंतीएवढा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'मातोश्री कै. सौ. वच्छलाबाई पोपटराव' आणि पुढे आडनाव. आडनाव मी इथं लिहीत नाही, त्या आडनावाची बरीच भली माणसं तालुक्यात आहेत. दोन्ही कडांना गॉगलवाल्या शोकाकुल मंडळींचे फोटो, ते मात्र अगदी स्वच्छ, स्टुडिओत बसून काढलेले. आणि मधोमध बेगमचाचीचा चेहरा. डोक्यावर पदर, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. बेगमचाची शेख! आदल्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहा पिऊन गेलेली आणि साखर कमी घातलीस म्हणून वर मलाच बोलून गेलेली.

तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो कुणीतरी फोनवर काढलेला, हे लगेच कळलं. दोन हजार सहा साल होतं. तेव्हाचा फोनमधला फोटो टपालाच्या तिकिटाएवढा असेपर्यंतच बरा दिसायचा. तो ताणून भिंतीएवढा केल्यावर चाचीच्या गालांवर चौकोनी चौकोनी खवले आले होते. कुंकू तेवढं गोल गरगरीत, कारण ते मागाहून कॉम्प्युटरवर लावलेलं.

मला फोटोतलं कळतं. मी सुफिया. शाळेत चित्रकला शिकवते आणि बाजारच्या दिवशी अब्बांचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून बाजारात हिंडते. लोक आधी हसायचे. भाजी घ्यायची सोडून ही भाजीवालीचे फोटो घेते, म्हणायचे. मग माझी पद्धत कळल्यावर हसायचे थांबले. ज्याचा फोटो काढला त्याला पुढच्या बाजारी त्याची प्रत नेऊन द्यायची, ही ती पद्धत, अब्बांनी घालून दिलेली. रोल जपून वापरावा लागायचा, धुवायला दौंडला पाठवावा लागायचा, त्यामुळे बटण दाबण्याआधी माणसाकडे नीट बघणं आलंच. त्याच्याशेजारी बसायचं, वांगी कशी दिली विचारायचं, त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करायची. एवढं केल्यावर चेहरा विसरत नाही. वच्छलाबाईंचा चेहरा मी विसरलेले नव्हते, आणि चौकातला चेहरा त्यांचा नव्हता.

वच्छलाबाई इनामगावच्या बाजूच्या, घोड नदीकाठच्या मळ्यातल्या. तिथं त्या आणि त्यांचे नवरे पोपटराव, दोघंच. मुलगा सर्जेराव शिरूरात बंगला बांधून राहिलेला, रस्त्यांची कंत्राटं घेणारा. म्हातारीला काही कमी नव्हतं, तरी ती दर बाजारी एसटीनं मेथी-कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन यायचीच. शेजारी आलं-लसूण घेऊन बेगमचाची. मेथी घेणाऱ्या बाईला वच्छलाबाई म्हणायच्या, लसूण हिच्याकडून घे, आणि लसूण घेणारीला चाची मेथीकडे ढकलायची. असं माझ्या लहानपणापासून चाललेलं.

आमच्या बाजारात जागा बसणाऱ्याची. पण ती सारखी मोकळी दिसली की कुणीतरी आपलं पोतं पसरतो, मग भांडून उपयोग होत नाही. म्हणून ज्याला येणं जमणार नाही त्याची जागा शेजाऱ्यानं धरायची. त्याचंच पोतं अंथरून त्यावर बसायचं, त्याचीच तागडी पुढं मांडायची. वच्छलाबाईंचं पोतं आणि तागडी चाचीच्याच घरी असायची, एसटीत कुठं ओझं वागवायचं म्हणून.

मी चौकातून तडक बाजारात गेले. बाजारचाच दिवस होता. चाची वच्छलाबाईंच्या पोत्यावर बसली होती आणि भोवती चेष्टेला ऊत आला होता.

"चाची, उद्या तुझं दहावं हाय म्हणं," मिरचीवाला म्हाळू ओरडत होता. "जेवायला यिऊ का न्हाई?"

"यी की. तुला वाढायला मीच उभी ऱ्हाते," चाची म्हणाली. मला बघताच तिनं माझा हात धरला. "आगं सुफिया, मी जाऊन बघून आले. माझाच फोटू हाय. खाली काय लिवलंय? समदी नुसती दात काढत्यात, कुणी धड सांगंना."

सगळे चेहऱ्यालाच हसत होते. खालचं नाव कुणी वाचलंच नव्हतं.

"वच्छलाबाईंचं नाव आहे, चाची."

"वच्छीचं? तिचं नाव कशापायी?"

चाचीनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा हात हळूच माझ्या हातातून सुटला.

"कवा?"

"उद्या दहावं आहे."

"म्हंजी मागल्या बाजारला मी हितं बसले हुते, तवा ती..." तिनं समोरच्या तागडीचं पारडं उगाच सरळ केलं. "बरी झाली की यील म्हटलं. मंग मी जागा कुणासाठी धरली गं?"

म्हाळूनं डोक्यावरची टोपी काढली. आता कुणी हसत नव्हतं. माझ्या अंगाचा मात्र संताप संताप झाला. आयुष्यभर मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईला मैत्रीण गेल्याचं कळलं ते दहाव्याच्या आदल्या दिवशी, आणि तेही स्वतःच्या फोटोखाली! पाहुण्यारावळ्यांना, पुढाऱ्यांना, चेअरमनला फोन गेले असतील. बेगमला कोण सांगणार? ती कुणाच्या लेखी वच्छलाबाईंची कुणी लागत होती?

चाचीनं डोक्यावरचा पदर नीट ओढून घेतला. मग म्हणाली, "माझ्या कपाळाला त्ये काय लावलंय?"

"कुंकू."

"वच्छी लावायची तसलं?"

"हो."

तिनं दोन बोटांनी कपाळ चाचपलं. मला वाटलं आता चिडेल. पण ती म्हणाली, "तिच्या कपाळाला शोभायचं. मला न्हाई शोभत. तिचा खरा फोटू हाय न्हवं तुझ्याकडं?"

होता. एकच होता, आणि त्याचीही एक गोष्ट होती. वच्छलाबाई फोटो काढू द्यायच्या नाहीत. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढायच्या. फोटो भिंतीला लागतो तो मेल्यावर, असं त्यांचं म्हणणं. पण एकदा एका शेळीनं त्यांची मेथीची जुडी पळवली. त्या उठून मागं धावल्या, शेळीनं वळून दुसरी जुडी उचलली, आणि वच्छलाबाई जे हसत सुटल्या ते हसत हसत चाचीच्या अंगावरच कलंडल्या. चाचीनं त्यांच्या खांद्याला धरलं. मी बटण दाबलं. लगेच जाऊन सांगितलंही, तशा त्या माझ्यावर उखडल्या. पुढच्या बाजारी प्रत हातात दिली तर कितीतरी वेळ बघत बसल्या. "मी अशी दिसते व्हय?" म्हणाल्या. घरी मात्र नेली नाही. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मी गेले की आमच्या म्हाताऱ्याला दे. त्येला म्हणावं, बघ."

आता तो म्हातारा तिकडं मळ्यात, आणि त्याच्यासमोर बेगमचाचीला हार घालणार!

मी शाळेत रजा कळवली आणि सर्जेरावाच्या हापिसात गेले. बाहेर दोन डंपर उभे होते, आत थंडगार हवा. सर्जेराव टेबलामागं, आणि सोफ्यावर त्याचा मुलगा सुदर्शन फोनशी खेळत बसलेला. मी म्हटलं, चौकात लावलेला फोटो तुमच्या आईचा नाही.

"मॅडम, माझी आई मला कळत न्हाई व्हय?" सर्जेराव हसून म्हणाला.

"ती आमची बेगमचाची आहे. आत्ता बाजारात बसलीय. चला, दाखवते."

सर्जेरावानं मुलाकडे बघितलं. सुदर्शननं फोन खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थंडीत त्याला नवा फोन घेतला होता. दिसेल त्याचे फोटो काढत तो मोटारसायकलवरून बाजारातून चालला होता. आज्जीच्या जागेवर आज्जीच्या पोत्यावर बाई बसलेली दिसली, त्यानं फोटो काढला आणि गेला. उतरला नाही, थांबला नाही, हाक मारली नाही. त्या वेळी वच्छलाबाई तापानं मळ्यात पडून होत्या, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"आज्जी तिथंच बसायची ना, पप्पा," तो म्हणाला. "मला वाटलं तीच हाय."

त्याला जागा ओळखू आली, आज्जी नाही. एक वेळ ते सोडा, पोरगा आहे. पण बापानं तो फोटो मंजूर केला होता! कॉम्प्युटरवाल्यानं पडद्यावर मोठा करून दाखवला असेल, बापानं बघून मान डोलावली असेल, कुंकू जरा ठसठशीत करा म्हणून सांगितलंही असेल. फोनला मी दोष देत नाही. बेगमचाची बेगमचाचीसारखीच आली होती त्यात. ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं नव्हतं.

"आबा बी परवापास्नं म्हणाय लागल्यात," सुदर्शन खाली मान घालून आजोबांबद्दल पुटपुटला. "ही न्हाई, ही न्हाई म्हणून. आमी म्हटलं मोतीबिंदूनं दिसत नसंल."

ऐकलंत? संबंध घरात ज्याला धड दिसत नव्हतं त्याला एकट्याला दिसलं, आणि त्यालाच सगळ्यांनी आंधळा ठरवलं.

सर्जेराव उठून खिडकीशी गेला. मला वाटलं, आता लाजेल. त्यानं वळून विचारलं, "ह्ये अजून कुणाकुणाला ठाव हाय?"

"अख्ख्या बाजाराला."

"मॅडम, उद्या दहावं. शिरूरपास्नं दौंडपतोर बोर्ड लागल्यात. आमदार-बिमदार यायचेत. आता काढलं तर हसं हुईल का न्हाई? त्यात एवढं काय? म्हातारी मानसं समदी सारखीच दिसत्यात. तुमच्या चाचीला साडी-चोळी करू आपण, मानानं करू."

"माझ्याकडे वच्छलाबाईंचा फोटो आहे. खरा. बाजारात काढलेला. हसतायत."

"दहाव्याला हसरा फोटू लावत्यात व्हय?" त्यानं हात जोडले. ते नमस्काराचे नव्हते, मला बाहेर घालवायचे होते. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

त्यानं बघायलासुद्धा मागितला नाही.

मी घरी येऊन निगेटिव्हची पट्टी शोधली. माझ्याकडची प्रत पोस्टकार्डाएवढी, मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्यात काय दिसणार? मोठी करायलाच हवी होती. दुपारच्या एसटीला निघाले तर चाची आधीच स्टँडवर येऊन उभी. काखेत घडी घातलेलं पोतं, हातात पिशवीत तागडी.

"तिचं सामान तिच्या घरी द्याया नको?" ती म्हणाली. "मी बी येते."

स्टँडवरची माणसं एकदा तिच्याकडे बघत होती आणि एकदा छपरावरच्या फ्लेक्सकडे. ती ताठ मानेनं एसटीत चढली. वाटेत प्रत्येक फाट्यावर तीच लटकलेली. दर वेळी चाची खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "ही बी मीच."

दौंडला माझ्या मावसभावाची, राहिलची कलर लॅब आहे. त्यानं पट्टी उजेडाला धरली, मशीनवर घेतली. वच्छलाबाई एकट्याच मोठ्या करायच्या होत्या, पण खांद्यावर चाचीचा हात आलेला, हिरव्या बांगड्यांसकट.

"हा हात काढू का?" राहिलनं विचारलं. "कॉम्प्युटरवर सहज जाईल."

माझ्याआधी चाचीच बोलली. "माझा हाय त्यो. हात नगं लावू त्येला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घोडच्या काठावर पोहोचलो तेव्हा पिंडाला कावळा शिवून गेलेला होता. पटकन शिवला, म्हातारीचं काही मागं राहिलं नव्हतं, असं लोक एकमेकांना सांगत होते. काही राहिलं नव्हतं म्हणे! मी बगलेतला फोटो घट्ट धरून बायकांत बसले. मांडवात पुढं खुर्चीवर चौकटीत बेगमचाची, गळ्यात झेंडूचा हार, समोर उदबत्ती. आणि माझ्या शेजारी तोंडावर पदर ओढून खरी बेगमचाची, मांडीवर पोतं घेऊन.

भाषणं सुरू झाली. आमच्याकडे दहाव्याला भाषणं लागतातच. गेलेल्या माणसाबद्दल सुरू होतात आणि पाण्याच्या आवर्तनावर, नाहीतर येत्या निवडणुकीवर जाऊन संपतात. एक पांढऱ्या कपड्यातले पुढारी माइकवर आले, फोटोकडे वळून त्यांनी डोळे मिटले.

"या माउलीच्या मुखावरचं वात्सल्य बघा," ते म्हणाले. "या चेहऱ्याला मी कधी विसरणार नाही. या माउलीच्या हातची भाकरी मी खाल्लेली आहे."

चाचीनं मला कोपरानं ढोसलं. "ह्यो कोन गं? ह्येला मी कवा भाकरी वाढली?"

पुढची एक बाई मागं वळली. तिनं चाचीचा चेहरा बघितला, खुर्चीवरचा बघितला आणि तोंडाला पदर लावला. कुजबूज रांगेरांगेनं पसरत गेली. पुढाऱ्यांना वाटलं, आपल्या भाषणानं बायका गहिवरल्या. ते आणखी जोरात बोलू लागले.

पोपटराव पुढं एका कडेला सतरंजीवर बसले होते. कुणाचंच ऐकत नव्हते. मधूनच खुर्चीकडे हात करून शेजारच्याला काहीतरी म्हणायचे, आणि शेजारचा त्यांच्या पाठीवर थोपटून त्यांना गप्प करायचा. ते थोपटणं मला बघवेना. मी उठले. माइकसमोरून, पुढाऱ्यांच्या तोंडासमोरून सरळ चालत गेले आणि फोटोवरचा कागद काढून तो पोपटरावांच्या हातात दिला.

"आबा, मी शिरूरची सुफिया. वच्छलाबाईंनी दिलाय हा. तुम्हाला द्यायला सांगितला होता. म्हणाल्या, त्येला म्हणावं, बघ."

म्हाताऱ्यानं फोटो डोळ्यांना चिकटेल इतका जवळ नेला. कपाळापासून हनुवटीपर्यंत तो हळूहळू सरकवत नेला. मग त्यांचा आवाज चढला, माइकवरच्या भाषणावरही चढला.

"ही! ही हाय माझी! कवापास्नं सांगतोय म्या ह्यास्नी!"

भाषण थांबलं. पोपटराव काठी टेकत उठले, खुर्चीपाशी गेले. चौकटीतला फोटो त्यांनी हारासकट उचलला, पण आदळला-आपटला नाही. नीट खाली ठेवला. मग खुर्चीवर वच्छलाबाईंना बसवलं. मांडवातल्या सगळ्यांसमोर वच्छलाबाई तोंडभर हसत होत्या. डोळे मिटलेले, पुढचा एक दात पडलेला, पदर खांद्यावर घसरलेला, आणि त्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा हात.

"आबा, पाव्हण्यांम्होरं ह्ये काय लावलंय..." म्हणत सर्जेराव तावातावानं पुढं आला. मी तयारच होते. एसटीत बसून मी त्याच्यासाठी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. जागा ओळखणारा मुलगा, कुंकू ओळखणारा बाप, सारख्याच दिसणाऱ्या म्हाताऱ्या, सगळं त्याच्या तोंडावर, माइकवरून सांगणार होते.

तो फोटोसमोर आला आणि थांबला. हात तसाच अर्धवट उचललेला. सुदर्शन मागं येऊन उभा राहिला, त्याच्या हातात फोन होता, पण तो त्यानं वर केला नाही. सर्जेराव खाली वाकला. मग आणखी वाकला. आईचं तोंड त्यानं इतक्या जवळून कधी बघितलं असेल, देव जाणे.

"आई..." तो म्हणाला. "आई अशी कवा हसायची?"

त्यानं बापाकडे बघितलं. बाप फोटोकडे बघत होता. भावकीतल्या बायकांकडे बघितलं, त्यांनी माना खाली घातल्या.

बायकांतून बेगमचाची पुढं आली. तिनं तोंडावरचा पदर मागं सारला. घडी घातलेलं पोतं खुर्चीच्या पायाशी ठेवलं, त्यावर तागडी ठेवली, दोन्ही पारडी सरळ केली.

"दर बाजारला," ती म्हणाली.